ऑफिसातला माइंडफुलनेस प्रोग्रॅम: ट्रेनर झकास, अ‍ॅप बोगस, आणि स्लाइडवरच्या दाव्यांचा हिशोब

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. ट्रेनरला पाचपैकी साडेचार, अ‍ॅपला दीड (त्यातला अर्धा फक्त आवाज बरा आहे म्हणून), आणि ज्या पद्धतीने हे सगळं आमच्या गळ्यात मारलं त्याला भोपळा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण चार ठिकाणच्या मित्रमैत्रिणींना विचारलं तर सगळीकडे हाच साचा निघाला, फक्त लोगोचा रंग वेगळा. तुमच्याकडे एचआरचं "वेलनेस जर्नी" असं काही मेल आलं असेल तर हे वाचा आणि मग नाव द्या.

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचा सराव, आणि त्याचं पॅकेज असं होतं की आठ आठवडे, आठवड्यातून एकदा कॉन्फरन्स रूममध्ये चाळीस मिनिटांचं सेशन, बाकीचे दिवस अ‍ॅपवर रोज दहा मिनिटं, आणि मागच्या बाजूला एचआरला बघायला एक डॅशबोर्ड. मी अकाउंट्सला आहे. म्हणजे महिना संपताना आणि नवीन सुरू होताना आमचं क्लोजिंग असतं, म्हणजे महिन्याचे हिशोब बंद करायचे, तेव्हा आमच्याशी कोणी नीट बोलत नाही आणि आम्हीही कोणाशी नीट बोलत नाही. त्यामुळे आमचं डिपार्टमेंट पहिल्या बॅचला लावलं यात काही नवल नाही.

सुरुवातीला सेल्सचा एक मुलगा येऊन प्रेझेंटेशन देऊन गेला. स्लाइडवर मोठ्ठ्या अक्षरात "विज्ञानाने सिद्ध", खाली जॉन कबाट-झिन, गूगल, एटना अशी नावं, आणि शेवटी एक बाण वर जाताना, त्याखाली प्रॉडक्टिव्हिटी. मजा म्हणजे त्यातलं एकही नाव खोटं नव्हतं. मी घरी जाऊन एकेक शोधून वाचलं, सवयच आहे, व्हाउचरला बिल जोडलंय का ते बघितल्याशिवाय आम्ही सही करत नाही.

तर कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा जो कोर्स सुरू केला तो ऑफिसवाल्यांसाठी नव्हताच, ज्यांचं जुनाट दुखणं नेहमीच्या उपचारांनी हटत नाही अशा पेशंटसाठी होता. त्या कोर्सचा जो ठरलेला साचा आहे त्यात आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, शिवाय घरी रोज पाऊण तास आणि तेही आठवड्यातले सहा दिवस, आणि शेवटाकडे एक जवळपास अख्खा दिवस न बोलता सराव. मी कागदावर मांडून बघितलं. वर्गाचे वीस तास, घरचे छत्तीस, झाले छप्पन, आणि तो मौनाचा दिवस यात धरलेलाच नाही. आमचं पॅकेज म्हणजे सेशनचे पाच तास वीस मिनिटं आणि आठवड्यातले सहा दिवस न चुकता अ‍ॅप केलं तर अजून आठ, म्हणजे सव्वातेराच्या आसपास. पाव हिस्सा सुद्धा भरत नाही. आठ आठवडे हा आकडा तेवढा तसाच ठेवला आणि आतला माल काढून घेतला. रिपोर्ट दाखवायचा अँटिबायोटिकच्या पूर्ण कोर्सचा, हातात द्यायची पाव गोळी आणि वर सांगायचं की गुण येणार, सायन्स आहे.

हां, कमी डोसने काहीच होत नाही असं पण म्हणायचं नाहीये. ती एटना म्हणजे आरोग्य विम्याची मोठी कंपनी, तिथल्या २३९ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला, काहींना योगा, काहींना माइंडफुलनेस, काहींना यातलं काहीच नाही, बारा आठवडे. दोन्ही गटांत ताण कमी झाल्याचं आणि झोप सुधारल्याचं लोकांनी सांगितलं. म्हणजे ऑफिसच्या वेळात बसवता येईल असा कोर्स सुद्धा कामाचा असू शकतो. पण लक्षात घ्या की योगावाल्यांना पण फायदा झाला. स्लाइडवर योगाचा उल्लेख गायब होता!

आणि "सिद्ध" या शब्दाबद्दल. २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय मासिकात ध्यानाच्या प्रोग्रॅमवरचा एक मोठा आढावा आला होता, ४७ चाचण्या, ३,५१५ माणसं. चिंता, उदासी आणि दुखणं यात थोडासा फायदा, पुरावा मध्यम दर्जाचा. ताण कमी होण्याबद्दलचा पुरावा त्याहून कच्चा. एकाग्रता वाढते का यावर तर काही म्हणण्याइतका पुरावाच नाही असं त्यांनी सरळ लिहिलंय, आणि व्यायाम, औषधं किंवा दुसऱ्या थेरपीपेक्षा ध्यान सरस आहे असंही काही दिसलं नाही. हे मी काय माइंडफुलनेस भंपक आहे म्हणून सांगत नाहीये. थोडा फायदा म्हणजे थोडा फायदा, फुकट मिळत असेल तर घ्यावा की. फक्त थोडाच आहे हे विकणाऱ्याने सांगावं एवढंच.

आता ट्रेनर मॅडम. साडेचार त्यांच्यामुळेच.

पहिल्या सेशनला आम्हाला वाटलं आता डोळे मिटा, लाटांचा आवाज ऐका वगैरे होणार. त्यांनी सांगितलं लॅपटॉप उघडा, मेलबॉक्स उघडा, आणि कुठल्याच मेलवर क्लिक करायचं नाही. नुसतं बघत बसायचं आणि अंगात कुठे काय होतंय तिकडे लक्ष द्यायचं. बास. मी उघडला तर न वाचलेल्या मेल्सच्या ठळक ओळी एकाखाली एक, तिसऱ्या ओळीत ऑडिटरचं नाव, आणि ते दिसल्या दिसल्या माझे दात एकमेकांवर गच्च बसले. उजवा खांदा वर गेला तो वरच. बोट आपोआप ट्रॅकपॅडवर सरकायला लागलं, अक्षरशः ओढून मागे घ्यावं लागलं. शेजारी टॅक्सवाला बसला होता त्याचा तर श्वासच थांबलेला. मॅडम मागून चक्कर मारत होत्या, त्याच्यापाशी थांबून म्हणाल्या, "श्वास घ्या हो सर, मेल कुठे पळून जात नाही." सगळे हसले, तोही हसला, पण माझ्या डोक्यात ते राहिलं, कारण मेल अजून वाचलेलंच नव्हतं आणि अंग मात्र भांडण झाल्यासारखं ताठ.

मग पुढच्या सेशनांना त्यांनी जे शिकवलं ते सगळं याच्याच आसपास. श्वासावर लक्ष ठेवायचं, लक्ष भटकणार, भटकलं हे कळलं की परत आणायचं, आणि त्या परत आणण्यालाच सराव म्हणायचं. मन कोरं करायचं, विचार बंद करायचे असलं काही नाही, हे त्या इतक्या वेळा सांगायच्या की शेवटी पाठ झालं. एकदा कोणीतरी म्हणालं की माझं लक्ष सारखं जातं, मला हे जमणारं नाही, तर त्यांनी किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा २०१० चा अभ्यास सांगितला, फोनवर मधेच विचारायचे की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर ४६.९ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे जवळपास निम्मा वेळ सगळ्यांचंच मन भटकतंय, तुम्ही एकटे नाही. त्या माणसाला जरा बरं वाटलेलं दिसलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की डोळे उघडे ठेवले तरी चालतील, श्वासाकडे बघून कोणाला घाबरल्यासारखं होत असेल तर श्वास सोडून द्या, पायाचे तळवे जमिनीला कसे टेकलेत तिकडे लक्ष न्या, आणि नको वाटलं तर उठून बाहेर जा, कोणी कारण विचारणार नाही. अ‍ॅपमध्ये असलं काही नाही, तिथे तो आवाज तुम्हाला खोल खोल जायला सांगत राहतो. आमच्यातल्या एकीला डोळे मिटल्यावर खरंच धडधडायला लागायचं, ती उघड्या डोळ्यांनी पेन बघत बसायची, तिचं व्यवस्थित झालं. ध्यानाचे त्रास पण होऊ शकतात यावर ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन यांनी बरीच वर्षं काम केलंय, ज्यांना पूर्वी मोठा धक्का बसलाय, पॅनिक अ‍ॅटॅक येतात किंवा डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरशी बोलावं आणि मगच बॅचला बसावं. एचआरच्या मेलमध्ये याची एक ओळ असायला काय हरकत होती?

मला काय उपयोग झाला ते सांगते, दोनच गोष्टी आहेत पण त्या टिकल्यात.

पहिली श्वासाची. नाकातून श्वास घ्यायचा, तो भरला की वर अजून एक छोटासा घ्यायचा, आणि मग तोंडाने सावकाश, जमेल तेवढा लांब सोडायचा. खवळून रिप्लाय टाइप केला की सेंडच्या आधी हे दोन-तीनदा. मी मेल पुन्हा वाचते आणि साधारण पहिलं वाक्य उडवते, कारण चिडचिड सगळी पहिल्या वाक्यात असते, खाली नुसता मुद्दा असतो. २०२३ मध्ये सेल रिपोर्ट्स मेडिसिन या संशोधनाच्या मासिकात याच श्वासावर अभ्यास आलाय, रोज पाच मिनिटं, महिनाभर, आणि मूड सुधारण्यात हे श्वासवाले माइंडफुलनेस ध्यानवाल्यांपेक्षा पुढे निघाले. मॅडमनी स्वतःच हे सांगितलं, आपल्याच दुकानाच्या मालापेक्षा शेजारचा बरा आहे म्हणून, इथे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दुसरी गोष्ट कागदाची. बँक रिको, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, ते करताना फरक शोधत असते, दोन तास घालवून आता कुठे धागा लागतोय असं वाटतं, आणि तेवढ्यात परचेसमधून फोन येतो की त्या व्हेंडरचं पेमेंट कधी. फोन ठेवला की परत स्क्रीनकडे बघते तर मी कुठल्या तारखेला होते तेच आठवत नाही, शिवाय डोकं अजून त्या व्हेंडरमध्येच. याला सोफी लेरॉय या बाईंनी २००९ मध्ये पेपर लिहून नाव दिलंय, अटेन्शन रेसिड्यू, म्हणजे आधीच्या कामाचं लक्ष उरलंसुरलं तिथेच चिकटून राहतं आणि पुढच्या कामाला पूर्ण मिळत नाही. पुढे त्यांच्याच कामातून आलेला उपाय फार सोपा आहे, दुसऱ्या कामाकडे वळायच्या आधी मी कुठे थांबले आणि परत आल्यावर काय करायचं ते पटकन लिहून ठेवायचं. मॅडमनी त्याला एक श्वास जोडला. फोन वाजला, चिठ्ठीवर लिहिलं "१४ तारीख, चार्जेस बघायचे", एक श्वास, मग फोन उचलला. फोन एक-दोन रिंग जास्त वाजतो, काही आभाळ कोसळत नाही.

तो वर जाणारा प्रॉडक्टिव्हिटीचा बाण मात्र मला काही सापडला नाही. हाफेनब्रॅक आणि व्होस या संशोधकांचा २०१८ चा पेपर तर गंमतशीर आहे, ध्यान केल्यावर लोकांची काम करायची इच्छा कमी झाली पण कामाचा दर्जा होता तसाच राहिला. मला हे वाचून हसूच आलं, कारण आमच्यात तेच चाललं होतं. सेशन संपवून डेस्कवर आलं की समोरच्या प्रोव्हिजनच्या शीटकडे बघून वाटायचं, होईल की, काय घाई आहे. एरवी असं वाटलं तर मलाच माझी काळजी वाटली असती. काम झालं तेवढंच, चुका पण तेवढ्याच, फक्त करताना जीव वर-खाली होत नव्हता. मला विचाराल तर हा चांगला सौदा आहे. पण कंपनीने पैसे यासाठी दिले नव्हते आणि सेल्सवाल्याने हे विकलं पण नव्हतं, म्हणून मग शेवटच्या फीडबॅक फॉर्ममध्ये "तुमची उत्पादकता किती टक्क्यांनी वाढली" असा प्रश्न आणि खाली एक सरकवायची पट्टी. सगळ्यांनी अंदाजे कुठेतरी सरकवली. आता तो आकडा पुढच्या कंपनीच्या स्लाइडवर दिसेल, बघाच.

अ‍ॅपबद्दल फार लिहिण्यासारखं नाहीये पण राग खूप आहे. रोज न चुकता केलं की एक माळ वाढत जाते आणि एक दिवस चुकला की शून्यावर येते, टीमचा लीडरबोर्ड, पहिल्या तिघांना बॅज. शांत बसण्याची स्पर्धा! परिणाम जो व्हायचा तोच झाला, लोक ऑडिओ लावून फोन ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि काम करत बसायचे, दहा मिनिटांनी आतून घंटा वाजली की माळ एकाने वाढली. लीडरबोर्डवर पहिला आलेला माणूस आमच्यात सगळ्यात जास्त खेकसणारा आहे, नाव सांगत नाही, तो हे वाचतो. क्लोजिंगच्या दिवशी संध्याकाळी ट्रायल बॅलन्स जुळत नाहीये, बॉस मागे उभा आहे आणि फोन थरथरून सांगतोय की तुम्ही आज स्वतःसाठी वेळ काढला नाहीत. त्या क्षणी माझ्यात जेवढा माइंडफुलनेस होता तो सगळा संपला.

त्याहून गंभीर म्हणजे त्यातलं रोजचं मूड चेक-इन. आज कसं वाटतंय, पाच चेहऱ्यांतला एक निवडा. एचआरला विचारलं तर म्हणे आम्हाला कोणाचं नाव दिसत नाही, फक्त टीमची सरासरी दिसते. अहो पण आमच्या टीममध्ये माणसं किती, एका टेबलाभोवती मावतील एवढी. एकाने रडका चेहरा दाबला आणि सरासरी घसरली तर कोण रजेवर नव्हतं आणि कोणाचं कालच वाजलं होतं हे सांगायला डॅशबोर्ड कशाला लागतो? मी सगळे दिवस हसरा चेहरा दाबला. माझ्या माहितीत बहुतेकांनी तेच केलं. तर एचआरकडे आता आमची टीम अतिशय आनंदी असल्याचा ग्राफ आहे, आणि जास्तीच्या माणसाची मागणी केली की तोच ग्राफ समोर येणार अशी मला दाट शंका आहे.

बरं, हे सगळं प्रोव्हायडरच्या माथी मारणं पण बरोबर नाही. सेशनच्या वेळेवर मीटिंग लावणारे आमचेच लोक. मॅनेजर एका सेशनला आले ते मागच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून, बॉडी स्कॅन चालू, म्हणजे अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष नेत जायचं, सगळे पोटरीपर्यंत पोचलेत, आणि मागून की-बोर्डची टकटक. मॅडमनी शांतपणे सांगितलं की आता आवाज येतोय तिकडे लक्ष द्या, आवाज आला, गेला. सगळी रूम हसू दाबत होती. सर मात्र टाइप करत राहिले, त्यांना कळलंच नाही की आज सरावाचा विषय तेच आहेत.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तर माइंडफुलनेस, रिझिलियन्स ट्रेनिंग (ताणात तग धरायला शिकवणारं), वेलबीइंग अ‍ॅप असल्या गोष्टींत भाग घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा काही बरे दिसले नाहीत. एकाच वेळच्या सर्व्हेवरून कशामुळे काय झालं हे ठामपणे सांगता येत नाही, ते ठीक आहे, पण जो काही फरक दिसला तो फक्त स्वयंसेवेचं काम करणाऱ्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या गाइडलाइन्स पण बघा, त्यात माइंडफुलनेससारख्या ट्रेनिंगला जागा आहे, विचार करायला हरकत नाही इतपत. पण मॅनेजर लोकांना ट्रेनिंग द्या आणि कामाच्या जागचीच परिस्थिती सुधारा हे पण त्याच कागदात आहे. आमच्याकडे मॅनेजरांची बॅच काही निघाली नाही. एक बदल मात्र झाला, मॅडमच्या सांगण्यावरून आमच्या फ्लोरवरच्या मीटिंग आता पाच मिनिटं आधी संपवायच्या असं ठरलं, आणि खरं सांगू, मोठा फरक कुठे जाणवला असेल तर इथेच. पाणी पिता येतं, चिठ्ठी लिहिता येते, माणूस धावत दुसऱ्या रूममध्ये शिरत नाही. याला ना अ‍ॅप लागलं ना लायसन्स.

तुमच्याकडे हे घ्यायचं चाललं असेल आणि तुमचं कोणी ऐकत असेल तर सेल्सवाल्याला एवढंच विचारा की स्लाइडवरच्या अभ्यासात किती तासांचा सराव होता आणि तुम्ही किती देताय. दुसरं म्हणजे किती माणसांपेक्षा छोट्या टीमचा आकडा डॅशबोर्डवर दाखवत नाही. आमच्या वेळी हे कोणी विचारलं नाही. ट्रेनर कोण येणार ते नावानिशी ठरवून घ्या, आणि त्यांचा स्वतःचा सराव किती वर्षांचा आहे ते पण विचारा, कारण पुढच्या बॅचला मॅडमऐवजी रेकॉर्डेड व्हिडिओ चालेल का असा एक मेल ऑलरेडी फिरतोय म्हणे. तसं झालं तर माझे साडेचार मागे घेतलेत असं समजा.

दुसरी बॅच पुढच्या तिमाहीत आहे आणि जुन्यांना रिफ्रेशर म्हणून बसता येणार आहे. मी एचआरला लिहिलंय की मॅडम असतील आणि अ‍ॅप डिलीट केलं तर चालणार असेल तर मी येते, आणि वेळ क्लोजिंगच्या आठवड्यात ठेवू नका. रिप्लायमध्ये अ‍ॅपची डाउनलोड लिंक आलीये.